नवउद्योजकाचा थकवा

ताथवडे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा शहरालगतच्या भागात नव्याने गोठा काढणाऱ्या तरुणाचा हुरूप वर्ष-दोन वर्षांत मावळला, तर कार्यकर्त्यांनी त्यास आळशी ठरवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा थकव्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा वाटणे व काम कमी उरकणे. हा रोग नव्हे, कामातून उद्भवलेली अवस्था होय. गोठ्यात तिला वाव अधिक, कारण जनावरास रविवार नसतो. धारा दोन्ही वेळा काढाव्याच लागतात. प्रथम दुधाची नोंदवही कोरी राहू लागते, मग लसीकरण लांबते. येथे उपदेश फुकट जातो. धारा काढण्यास दुसरा माणूस तयार करावा व आठवड्यातून एक दिवस मालकास मोकळीक द्यावी. मजुरी वाढेल, ती खर्चात धरावी. गोठा मोडण्याचा किंवा नवे कर्ज काढण्याचा निर्णय थकव्याच्या भरात करू नये.

विक्री मंद असणे म्हणजे मालक नालायक असणे नव्हे. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. कडबा कापण्याची यंत्रेही ते बनवीत. सारा भार नांगरावरच नव्हता. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

झोप उडाली किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली, तर मात्र त्या माणसास एकटे सोडू नये. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर त्याच दिवशी दूरध्वनी लावून द्यावा.