टांगेवाल्याचा नकार आणि एसटीचे तिकीट

१९२९ सालची गोष्ट आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती आणि तिचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून बाबासाहेब चाळीसगावला परतले. स्टेशनवर समाजबांधव हार घेऊन उभे होते. बाहेर टांगेही उभे होते. तरी बाबासाहेबांना तासभर स्टेशनवर थांबावे लागले, कारण महाराला टांग्यात बसवून नेण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. मग आपल्यातल्याच एकाने, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता, त्याने लगाम हाती घेतला. नदीवरच्या फरशीवर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परदेशात शिकलेला बॅरिस्टर असला तरी साधा टांगेवाला त्याच्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो, हे त्यातून त्यांनी दाखवून दिले. आम्हाला या प्रसंगातून आणखी एक गोष्ट दिसते. गाडी मिळणे किंवा न मिळणे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. कोण कुठे पोहोचू शकतो, यावरच समाजात कोणाचे स्थान काय, हे ठरते.

१९५५ साली अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या काळ्या स्त्रीने बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला. त्यानंतर तेथील काळ्या जनतेने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. त्याच १९५५ साली भारतात अस्पृश्यता (अपराध) कायदा लागू झाला. पुढे त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहनात मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला आहे. चाळीसगावच्या टांगेवाल्याला आज तुरुंगाची हवा खावी लागली असती. परंतु जात न विचारताही माणसाला रस्त्यावर उभे ठेवता येते, हे आज आपण जळगाव-धुळे जिल्ह्यांत रोज पाहत आहोत. त्याचे एक नाव आहे भाडेवाढ आणि दुसरे नाव आहे बंद झालेली फेरी.

आकडेच पाहू. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. साध्या गाडीचा एक टप्पा जून २०१८ पूर्वी ६ रुपये ३० पैशांचा होता. २०१८ च्या वाढीनंतर तो ७ रुपये ४५ पैसे झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के वाढ झाली आणि टप्पा ८ रुपये ७० पैशांवर गेला. २५ जानेवारी २०२५ पासून पुन्हा १४.९५ टक्के वाढ झाली आणि टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला. म्हणजे सात वर्षांच्या आत सुमारे साठ टक्के वाढ. तालुक्याच्या गावापासून तीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाचे हे पाच टप्पे होतात. जाऊन-येऊन ज्या प्रवासाला पूर्वी ६३ रुपये लागत, त्याला आता शंभर रुपये लागतात. रोजगार हमीची २०२५-२६ सालची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. रोजाच्या मजुरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा केवळ कामावर जाऊन परत येण्यात खर्च होत असेल, तर त्या माणसाने खायचे काय आणि मुलांना शिकवायचे कशावर?

यावर सरकारचे उत्तर ठरलेले असते. डिझेल महागले, टायर महागले, सुटे भाग महागले. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एसटीच्या भाड्यावर वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर आकारला गेला, हे सरकार का सांगत नाही? महामंडळ तोट्यात आहे म्हणून भाडे वाढवायचे आणि त्याच भाड्यातून कर कापून घ्यायचा, हा कुठला न्याय? विमानाने फिरणाऱ्याची कीव करणारे सरकार एसटीने फिरणाऱ्याकडून मात्र पै न पै वसूल करते.

सवलती आहेत, हे मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत आहे आणि गावातून शाळेला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास आहे. या योजनांमुळे कितीतरी मायमाउल्या एकट्याने तालुक्याला जाऊ लागल्या, ही लहान गोष्ट नाही. पण सवलत एसटीत आहे आणि एसटीच गावात येत नसेल तर त्या सवलतीचे काय करायचे? कोरोनापूर्वी राज्यात एसटीच्या गाड्या सुमारे अठरा हजार होत्या, नंतर तो आकडा पंधरा हजारांच्या आसपास घसरला. गाड्या कमी झाल्या की पहिली कात्री लागते ती आडगावच्या, वस्तीच्या, पाड्याच्या फेरीला. मग उरते काळी-पिवळी, ॲपे रिक्षा किंवा मालवाहू पिकअप. तिथे ना अर्धे तिकीट, ना पास, ना विमा.

सवलतीचा लाभ कोणाच्या वाट्याला येतो, हेही पाहावे लागेल. एसटीच्या मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. नोकरदाराला हा व्यवहार फायद्याचा आहे. पण आज काम मिळेल की नाही याची खात्री नसलेला मजूर एकरकमी दोन हजार रुपये आधी कोठून भरणार? म्हणून ज्याला महिन्याचा पगार मिळतो तो स्वस्तात प्रवास करतो आणि ज्याचे पोट रोजाच्या कमाईवर चालते तो पूर्ण भाडे मोजतो.

याची किंमत कधी कधी प्राणाने मोजावी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक मध्यरात्री उलटला आणि किमान पंधरा मजूर त्याखाली चिरडून मेले. धुळ्याकडून माल भरून ते रावेर तालुक्यातील आपल्या घरी परतत होते. पंतप्रधानांपासून सर्वांनी शोक व्यक्त केला. पण मजूर मालाच्या ढिगावर बसून घरी का जातो, हा प्रश्न कोणी विचारला? केळी आणि पपई परराज्यात वेळेवर पोहोचावी यासाठी वाहने आहेत, ती भरणाऱ्या हातांना घरी पोहोचवण्यासाठी वाहन नाही.

रेल्वेची कथा वेगळी नाही. पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे शंभर वर्षे चालली. शेंदुर्णी, पहूर या भागातील विद्यार्थी, मजूर, भाजीवाल्या बाया यांची ती गाडी होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा धावली नाही. रुंदीकरण मंजूर झाले, ती मोठी गाडी यावी असे आम्हालाही वाटते. पण मधल्या वर्षांत ज्या मुलीचे कॉलेज सुटले, तिचे वर्ष कोण परत देणार? देशभरच्या पॅसेंजर गाड्यांनाही कोरोनाकाळात 'स्पेशल' हे नाव देऊन दहा रुपयांचे किमान भाडे तीस रुपये केले गेले आणि ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. ज्येष्ठ नागरिकांची मार्च २०२० मध्ये काढून घेतलेली रेल्वे सवलत त्यानंतर पूर्ववत झाली नाही.

आता आमच्या व्यवसायातली गोष्ट सांगतो. संविधानाचे कलम ३९ अ म्हणते की, आर्थिक दुर्बलतेमुळे कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये. त्यानुसार १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. वकील फुकट मिळतो, पण कोर्टापर्यंतचे तिकीट कोण काढणार? अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार तारखेला येत नाही आणि आरोपीचा वकील म्हणतो, साक्षीदारच फिरकत नाही. आम्ही चौकशी करतो तेव्हा कळते की त्या दिवशी नवरा-बायको दोघांचा रोज बुडणार होता आणि भाड्याला पैसे नव्हते. आरोपी मात्र स्वतःच्या गाडीतून वेळेवर हजर असतो. असे किती खटले साक्षीदाराच्या एसटीच्या तिकिटावरून सुटले असतील!

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने एक नियम पाठ करावा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे आणि त्याचे नियम १९९५ चे आहेत. त्यातील नियम ११ असे सांगतो की, पीडित व्यक्ती, तिच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना राहत्या ठिकाणापासून तपासाच्या किंवा सुनावणीच्या ठिकाणापर्यंत जाण्या-येण्याचे रेल्वेचे दुसऱ्या वर्गाचे भाडे किंवा बसचे अथवा टॅक्सीचे प्रत्यक्ष भाडे मिळाले पाहिजे. किमान वेतनापेक्षा कमी नाही असा दिवसाचा निर्वाह खर्च मिळाला पाहिजे. पीडित वा साक्षीदार स्त्री, अल्पवयीन, साठ वर्षांवरील किंवा अपंग असेल तर सोबत आपल्या पसंतीचा माणूस नेता येतो आणि त्याचाही खर्च मिळतो. हे पैसे ताबडतोब किंवा फार तर तीन दिवसांत देण्याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा कार्यकारी दंडाधिकारी यांची आहे. ही भीक नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. पोलीस ठाण्यात गेल्याच्या दिवसाचाही खर्च त्यात येतो. मागणी अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, तिकिटे जपून ठेवावीत. जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत आपल्या प्रतिनिधींनी विचारावे की, वर्षभरात नियम ११ खाली किती जणांना किती रक्कम दिली.

एसटीचे चालक-वाहक हे आपले शत्रू नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर २०२० मध्ये जळगावच्याच एका वाहकाने थकलेल्या पगाराला कंटाळून आत्महत्या केली होती. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला संप विलीनीकरणासाठी होता. सवलतीची घोषणा सरकारने करायची, तिची रक्कम महामंडळाला उशिरा द्यायची आणि त्याचा भार कर्मचाऱ्याच्या पगारावर व प्रवाशाच्या तिकिटावर टाकायचा, ही रीत मोडायची असेल तर प्रवासी आणि कर्मचारी यांनी एकत्र आले पाहिजे.

एसटी ही केवळ गाडी नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली, तेव्हापासून तिच्या बाकावर जात विचारली गेली नाही. ज्या गावात आपल्याला पाणवठ्यावर जागा नव्हती, त्या गावातून आपली पोरे त्याच बाकावर बसून शाळेला, वसतिगृहाला, कचेरीला गेली. खासगी वाहनात माणूस मालकाच्या मर्जीने बसतो, एसटीत तो तिकिटाच्या हक्काने बसतो. म्हणूनच ती गावातून हटता कामा नये.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एसटीवरील प्रवासी कर रद्द करा. सवलतींची रक्कम महामंडळाला वेळेवर द्या. वस्ती-पाड्यांच्या बंद फेऱ्या सुरू करा. मजुरांसाठी आठवड्याचा पास काढा. पाचोरा-जामनेर मार्गाचे काम मुदतीत पूर्ण करा. ग्रामसभेत फेरीचा ठराव घ्यावा, त्याची प्रत आगारप्रमुखाला आणि विभाग नियंत्रकाला द्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांना वंदन करायला हजारोंनी जमतो. १९३७ साली ते एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते, त्याची ती आठवण आहे. येत्या ३१ जुलैला तेथे जाताना प्रत्येक शाखेने आपल्या गावाच्या बंद फेरीचा अर्ज सोबत आणावा आणि सर्वांनी मिळून तो धुळ्याच्या कचेरीत द्यावा.

जयभीम!