घरबसल्या बोलायला शिकलो, त्याची हकीकत



या पानावर नेहमी लागण, खत, पाणी यांची माहिती येते. आज थोड्या वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. आम्ही एकाच गावचे पाच सभासद. कुणी तिशीतले, कुणी साठी ओलांडलेले. आम्ही घरी राहून, पुस्तके मागवून, संवादकौशल्याचा अभ्यासक्रम केला. “ह्या वयात बोलायला शिकायचं? मग आजवर मुकं होता काय?” असे गावात पुष्कळांनी विचारले. त्यांना उत्तर म्हणून ही हकीकत.

तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत आमच्यातले आबा बोलायला उभे राहिले. दीड एकर आडसाली ऊस, लागण जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. गट ऑफिसच्या नोंदीत मात्र ती चुकून पूर्वहंगामी म्हणून चढली होती. सभा सप्टेंबरात, गाळप त्यानंतर सुरू व्हायचे. म्हणजे चूक दुरुस्त व्हायला वेळ भरपूर होता. आबांनी माईक हातात घेतला आणि वडिलांनी विहीर कधी पाडली तिथपासून सुरुवात केली. मग पाण्याची पाळी आली, भावकी आली, चिटबॉय आला. मागून कोणीतरी ओरडले, “मुद्द्याचं बोला की!” मंडपात हशा पिकला. आबा गडबडले. व्यासपीठावरून “लेखी द्या” असे सांगण्यात आले आणि आबा खाली बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी दिले. दीड पान अर्ज! त्यात अन्याय होता, विनंती होती, कारखान्यासाठी खाल्लेल्या खस्ता होत्या. फक्त लागणीची तारीख नव्हती. अर्ज फाइलला लागला. डिसेंबरात तुटायचा ऊस फेब्रुवारीअखेर तुटला. तोवर तुरे येऊन गेले होते, कांड्या पोकळ पडू लागल्या होत्या. वजनात फटका बसायचा तो बसलाच.

पुढे एकदा पारावर बसले असता आबा म्हणाले, “सगळं बोललो बघा, पण जे बोलायचं तेवढंच ऱ्हायलं.” हे वाक्य आम्हा सगळ्यांच्या मनाला लागले. सहकारात एका सभासदाला एक मत. शेअर्स कमी असोत वा जास्त, अधिकार सारखा. पण उभे राहून दोन मिनिटांत आपले म्हणणे मांडता आले नाही, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

वाट कशी सापडली

आबांची नात मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते. तिच्या पुस्तकांत संवादकौशल्याचे एक पुस्तक होते. तीच म्हणाली, “आबा, तुम्हीपण घ्या की प्रवेश. कॉलेजात रोज जायला लागत नाही.”

दूरशिक्षण ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. इंग्लंडात १८४० साली आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे पोस्टाने शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी सोडवलेले धडे पोस्टाने यायचे आणि तपासून परत जायचे. आपल्या देशात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे त्याचे ब्रीद अनेकांनी वाचले असेल.

यात पुस्तकच गुरुजी असते. प्रत्येक घटकाच्या आरंभी यातून काय शिकायचे ते दिलेले असते. मध्ये मध्ये प्रश्न असतात, उत्तर लिहायला कोरी जागा असते आणि आपले आपण ताडून पाहायला उत्तरेही दिलेली असतात. अभ्यासाचे माप श्रेयांकात. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास. रोज एक तास धरला तर चार महिने. आम्ही हिशेब केला : पाणी धरायला रात्री जागतो, त्यातला एखादा तास विहिरीवर दिव्याखाली काढला तरी जमण्यासारखे होते. पाच जणांनी फॉर्म भरले.

पुस्तकात काय होते

सुरुवातीला शब्दांनीच घाबरवले. संप्रेषण, प्रेषक, ग्राहक, माध्यम, अडथळा, प्रतिसाद! तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्र असे. तिथल्या सरांनी ते सोपे करून दिले. ते म्हणाले, “टोळी उद्या येणार हा निरोप. गट ऑफिस हा प्रेषक. चिटबॉय हे माध्यम. तुम्ही ग्राहक. वाटेत वारं, मोटारीचा आवाज, अर्धवट ऐकणं हा अडथळा. आणि ‘म्हणजे उद्या सकाळी, ओढ्याकडच्या फडात, बरोबर?’ असं तुम्ही उलट विचारलंत, तो प्रतिसाद. हा शेवटचा भाग आपण गाळतो, म्हणून टोळी एका फडात अन् मालक दुसऱ्या फडात.” हे मात्र सगळ्यांना चटकन पटले. कारण असे प्रत्येकाच्या बाबतीत घडलेले होते.

पहिला गृहपाठ होता तक्रार अर्जाचा. शंभर शब्दांत लिहायचा. आबांनी तीनशे लिहिले. सरांनी वही परत दिली, त्यात शेवटून दुसऱ्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि शेजारी लिहिले होते, “हे वाक्य पहिले हवे.” ते वाक्य असे होते : माझी लागण जुलैची असून नोंद पूर्वहंगामी झाली आहे, ती दुरुस्त करावी. आबा त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “ही रेघ तवाच कुणी मारली असती तर!”

आता आमच्या गावात अर्जाची रीत ठरून गेली आहे. पहिल्या वाक्यात काय हवे ते. मग सभासद क्रमांक, गट, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. मग घडले काय ते थोडक्यात. शेवटी सही, तारीख आणि आपल्याजवळ पोच घेतलेली एक प्रत. रागाचे शब्द काढून टाकायचे. राग खरा असला तरी कारकुनाला त्यातून काही काम करता येत नाही.

पुस्तक ऐकत नाही

एक अडचण मात्र पुस्तकाने सुटेना. लिहिणे घरी बसून येते, बोलणे कसे येणार? पुस्तक आपले भाषण ऐकत नाही. तेव्हा आम्ही शनिवारी रात्री मारुतीच्या देवळात बसू लागलो. एकाने दोन मिनिटे बोलायचे, चौघांनी ऐकायचे आणि मग काय समजले ते सांगायचे. नात मोबाइलवर बोलणे टिपून ठेवी आणि परत ऐकवी. स्वतःचा आवाज ऐकून प्रत्येकजण पहिल्यांदा लाजला.

सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने आपल्या मराठी मुलखातल्या १५० गावांत असाच प्रयोग केला होता. गावोगाव शेतकऱ्यांची मंडळे केली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून रेडिओ ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. नुसते ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा केल्याने माणसाच्या ज्ञानात जास्त भर पडते, असे तीत दिसून आले. म्हणजे आम्ही देवळात काही नवीन करीत नव्हतो. आपल्याच भागातल्या वाडवडिलांची वाट पुन्हा चालत होतो.

या बैठकीत खरा धडा दिला तो वहिनींनी. त्या आमच्यातल्या एकट्याच सभासद भगिनी. मालक गेल्यावर शेअर नावावर झाला, पण सभेला जाऊन त्या गप्प बसून परत येत. तीन शनिवार त्यांनी फक्त ऐकले. चौथ्या शनिवारी म्हणाल्या, “भावजी, एक सांगू? तुमच्यातला एक बोलत असतो, तवा बाकीचं कोण ऐकत नसतं. आपला नंबर कवा येतो त्येच बघत असता.” आम्ही चौघे गप्प. पुस्तकात श्रवणावर पूर्ण एक घटक होता, तो आम्ही परीक्षेला येईल म्हणून पाठ केला होता. वहिनींनी तो आम्हाला समजावून दिला.

सभेत काय झाले

गेल्या वर्षीच्या सभेत आमच्या वतीने वहिनीच उभ्या राहिल्या. हातात चिठ्ठी होती, हात थरथरत होता. नाव, गाव सांगून त्या म्हणाल्या, “माझी सूचना एकच. गाळपाआधी आठ दिवस लागण नोंदीच्या याद्या गट ऑफिसच्या फलकावर लावाव्यात. कारण नोंद चुकली तर सभासदाला ती ऊस वाळल्यावर कळते. गेल्या खेपेला आमच्या गावात असं झालं.” आणि त्या बसल्या. दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. कोणी हसले नाही. मागच्या रांगेतून दोघातिघांनी “बरोबर हाय” म्हणून साथ दिली. हंगामाच्या तोंडावर आमच्या गट ऑफिसात यादी लागली. तीत सतरा चुका निघाल्या आणि वेळेत दुरुस्त झाल्या.

सर्व काही गोड झाले असे नाही. आबांचे गेलेले वजन परत आले नाही. आमच्यापैकी एकाने मध्येच अभ्यास सोडला, एकजण परीक्षेत नापास झाला. पण नापास झालेला तो गडीसुद्धा आता निरोप ऐकला की उलट विचारून खात्री करतो.

ज्यांना प्रवेश घ्यायचा असेल त्यांना दोन सूचना. पदवीचा अभ्यासक्रम असल्यास पैसे भरण्यापूर्वी ती संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का ते पाहा. नुसत्या जाहिरातीला भुलू नका. घरात कोणाला मोबाइल चांगला हाताळता येत असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावर २०१७ पासून अनेक विषयांचे पाठ विनामूल्य मिळतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी पडते. आणि काहीही घ्या, एकट्याने शिकू नका. चौघे मिळून बसा.

आमच्या गावचे देऊळ शनिवारी रात्री साडेआठला उघडे असते. शेजारच्या गावच्या सभासदांनीही अवश्य यावे. येताना आपल्या लागण नोंदीची पावती बरोबर आणावी. पहिल्या दिवशी आम्ही तीच मोठ्याने वाचायला लावतो.