खोडदला उशिरा पोचणारं सगळं

19 ऑक्टोबर 2016. रात्रीचे आठ वाजून गेलेले. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, मंगळाकडे रोखलेली होती. युरोपीय अंतराळ संस्थेचं शियापरेली हे यान मंगळाच्या वातावरणात शिरणार होतं आणि त्याच्या जेमतेम काही वॅटच्या प्रक्षेपकाचा आवाज साडेसतरा कोटी किलोमीटरवरून ऐकायचा होता. तो ऐकू आला. यानाचा वेग बदलला तशी संदेशाची वारंवारिता सरकताना दिसली, आणि उतरण्याची वेळ व्हायच्या किंचित आधी सगळं थांबलं. यान आदळलं होतं.

पण कधी? उतरण्याचा सगळा खेळ सहा मिनिटांचा आणि संदेशाला इथवर यायला लागत होती पावणेदहा मिनिटं. खोडदला यान वातावरणात शिरल्याची खूण मिळाली तेव्हा मंगळावर त्याचे तुकडे होऊन साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ गेलेला होता. ‘इथून काही करता आलं नसतं का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या पावणेदहा मिनिटांत आहे. अशा यानाला जे काही ठरवायचं ते स्वतःचं स्वतःच ठरवावं लागतं. शियापरेलीच्या संगणकाने नेमकं तेच चुकीचं ठरवलं: आपण जमिनीला टेकलो असं समजून त्याने हवेतच इंजिनं बंद केली.

खोडदला दर 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरतं. अशा ठिकाणी हमखास निघणारा प्रश्न असा, की रेडिओचा संदेश प्रकाशाच्याच वेगाने कशाला जाईल? प्रकाश दिसतो, रेडिओ दिसत नाही. दोघांचा वेग एक, हे कुणी ठरवलं? उत्तर दुर्बिणीत सापडत नाही. ते सापडलं एका बरणीत.

1855-56 च्या सुमारास विल्हेल्म वेबर आणि रुडॉल्फ कोलराउश हे दोघे जर्मन शास्त्रज्ञ विजेच्या दोन मापांचा मेळ घालू पाहत होते. स्थिर विद्युतभाराचं माप एक, तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचं दुसरं. त्यांनी लायडन जार, म्हणजे आतबाहेर धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी, विद्युतभाराने भरली. भार किती, ते दोन भारित गोळे एकमेकांना किती जोराने ढकलतात यावरून काढलं. मग तोच भार तारेच्या वेटोळ्यातून सोडून दिला आणि चुंबकसुई किती हलते ते पाहिलं. दोन मापांचं गुणोत्तर निघालं, आणि गंमत म्हणजे त्याचं एकक वेगाचं होतं: सेकंदाला 3,10,740 किलोमीटर. या प्रयोगात कुठेही दिवा नव्हता, आरसा नव्हता, भिंग नव्हतं.

1861 च्या उन्हाळ्यात जेम्स क्लार्क मॅक्सवेल स्कॉटलंडमधल्या आपल्या घरी ग्लेनलेअरला बसून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतली लाट किती वेगाने पसरेल याचं गणित करत होता. उत्तरात हेच गुणोत्तर आलं. प्रकाशाचा वेगही तोवर मोजलेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो याने 1849 मध्ये पॅरिसजवळच्या सुरेन आणि माँमार्त्र या 8,633 मीटर अंतरावरच्या दोन ठिकाणांमध्ये, 720 दात्यांच्या फिरत्या चाकातून प्रकाश पाठवून आणि परत आणून तो काढला होता: सुमारे 3,15,000. दोन्ही आकडे आजच्या मानाने थोडे जास्तच. पण इतके जवळचे आकडे योगायोगाने येत नाहीत, हे मॅक्सवेलने ओळखलं. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाटच आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या तशाच लाटा हाइनरिख हर्ट्झने 1887-88 मध्ये कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या, तेव्हा मॅक्सवेलला जाऊन आठ वर्षं झाली होती.

पाठ्यपुस्तकांत हा वेग प्रकाशाच्या धड्यात देतात. माझ्या मते त्याची जागा विजेच्या धड्यात आहे.

विजेवरून आठवलं. बटण दाबताच दिवा लागतो म्हणून तारेतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात, असा समज फार पसरलेला आहे. घरातल्या तारेत ते सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरकत नाहीत. धावतं ते तारेभोवतीचं क्षेत्र.

खोडदच्या तबकड्या पाहिल्या की दुसरा प्रश्न येतो: या तर जाळीच्या! 45 मीटर व्यासाची तबकडी आणि तिला पत्रा नाही, स्टीलच्या बारीक तारांची जाळी, तीही एक-दोन सेंटिमीटरच्या भोकांची. खालून आभाळ दिसतं, म्हणजे प्रकाश आरपार जातो. जीएमआरटी ज्या लाटा पकडते त्यांतली सर्वांत आखूड 21 सेंटिमीटरच्या आसपासची, हायड्रोजनची. तिच्या लेखी ही भोकं नसल्यासारखीच, त्यामुळे ती जाळीवरून परावर्तित होते. लाट तीच, वेगही तोच; फरक फक्त लांबीचा. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो, खर्च उतरतो.

अशा तीस तबकड्या. त्यांतल्या 14 एका किलोमीटरभराच्या टापूत, उरलेल्या 16 तीन फाट्यांवर, शेतांमधून पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोघींमध्ये अंतर सुमारे 25 किलोमीटर. तिरपी येणारी लाट एकीला आधी भेटते, दुसरीला नंतर, आणि हा फरक 83 मायक्रोसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. पृथ्वी फिरते तसा तोही सतत बदलतो, सेकंदाला सहा नॅनोसेकंदांपर्यंत. त्यात संदेश मध्यवर्ती इमारतीत येतात ऑप्टिकल फायबरमधून, आणि काचेत प्रकाश रेंगाळतो: मोकळ्यावर किलोमीटरला 3.3 मायक्रोसेकंद, काचेत जवळजवळ पाच. काचेतले इलेक्ट्रॉन येणाऱ्या लाटेबरोबर हलतात, स्वतःची लाट सोडतात, आणि दोन्ही मिळून बनलेली लाट मागे पडते. काचेबाहेर पडताच वेग पूर्ववत. हे सारे उशीर संगणक वजा करतो, तेव्हा कुठे तीस तबकड्यांची एक दुर्बीण होते.

हा वेग मुळात सापडला तोही उशिरामुळेच. 1676 मध्ये ओले रोमरने पॅरिसला सांगून ठेवलं की गुरूचा आयो हा चंद्र 9 नोव्हेंबरला ग्रहणातून दहा मिनिटं उशिरा बाहेर पडेल. आयो आपल्या वेळेवरच होता. त्याच्या प्रकाशाला पृथ्वी गाठायला जास्त अंतर कापावं लागत होतं.

आज हा आकडा 29,97,92,458 मीटर प्रति सेकंद, अगदी पूर्णांकात. इतका नेमका कसा? कारण 1983 पासून तो मोजत नाहीत. तो ठरवून टाकला आणि मीटरची व्याख्याच त्यावरून केली. आता कुणी जास्त काटेकोर प्रयोग केला तर सुधारतं ते मीटरचं माप.

मग सगळ्या लाटा सारख्याच वेगाने येतात, हे खरं का? निर्वात पोकळीत खरं; पण ताऱ्यांमधली जागा पुरती रिकामी नाही. खेकडा तेजोमेघातला स्पंदक, म्हणजे पल्सार, सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरतो. त्याचं एकच स्पंदन 600 मेगाहर्ट्झला आधी येतं आणि 400 मेगाहर्ट्झला सुमारे 0.8 सेकंदाने मागाहून. तेवढ्यात तो आणखी चोवीसेक फेऱ्या मारून मोकळा झालेला असतो. साडेसहा हजार वर्षांच्या प्रवासात पडलेला हा फरक वाटेतल्या सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि तो मोजला की वाटेत ते एकूण किती आहेत याचा हिशेब लागतो.