थकबाकी घराची, अनामत माणसाची

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूच्या पाम, कोलवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ या गावांत भाड्याच्या खोल्या कधी फार दिवस रिकाम्या राहत नाहीत. कारखान्यातला कंत्राटी कामगार ठेकेदार बदलला की खोली बदलतो. कुणी थोडे पैसे साठवून बोईसरला वन-रूम-किचन घेतो. सामान एका टेम्पोत मावते. मागे राहतो तो भिंतीवरचा मीटर, आणि तो बहुधा तिसऱ्याच कुणाच्या नावावर असतो. 1969पासून अणुवीज निर्माण करणाऱ्या या पट्ट्यात घर बदलताना सर्वांत कमी विचार होतो तो विजेच्या हिशेबाचा. म्हणून तो हिशेब कायद्यात कसा मांडला आहे ते पाहू.

गोंधळाचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे : वीज माणसाला दिली जाते की जागेला? वीज कायदा, 2003च्या कलम 43नुसार जागेचा मालक किंवा तिथे राहणारा भोगवटादार अर्ज करतो आणि वितरण कंपनी त्या जागेला पुरवठा देते. ग्राहक माणूस असतो, पुरवठा मात्र जागेचा. माणूस निघून गेला की ही दोन टोके सुटी होतात.

मग जुनी थकबाकी कुणाची? 1995मध्ये इशा मार्बल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, लिलावात जागा घेणाऱ्याचा वीज मंडळाशी आधीचा करारच नव्हता, म्हणून जुनी बाकी त्याच्या माथी मारता येत नाही. पुढे निरनिराळ्या राज्यांच्या नियमांत जागेकडून वसुलीची तरतूद आली, आणि 19 मे 2023 रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या निकालात न्यायालयाने ती मान्य केली. नियमांत तशी अट असेल, तर आधीच्या मालकाची बाकी भरल्याशिवाय त्या जागेला पुन्हा वीज नाकारता येते.

महाराष्ट्रात अशी अट आहे. राज्य विद्युत नियामक आयोगाच्या 2005च्या पुरवठा संहितेत ती होती आणि 2021च्या नव्या संहितेतही आहे. आधीचा मालक किंवा भोगवटादार यांनी न भरलेली रक्कम हा त्या जागेवरचा बोजा ठरतो आणि तो नव्या माणसाकडे येतो. पण याच नियमाला एक परंतुक जोडलेले आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. वारसाखेरीज इतर कुणाकडूनही जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बाकीपुरतीच ही वसुली करता येते. वडिलांचे घर मुलाकडे आले तर ही मर्यादा लागू नाही. विकत किंवा भाड्याने घेतलेल्या घराला आहे. तीन वर्षांची थकबाकी दाखवून “सगळी भरा, मग मीटर जोडू” असे कुणी म्हणाले, तर हे परंतुक लेखी अर्जात नमूद करावे.

आता दुसरी बाजू. जोडणी घेताना भरलेली सुरक्षा अनामत जागेला चिकटत नाही. कलम 47(4)प्रमाणे तिच्यावर व्याज द्यावे लागते आणि ज्याने ती भरली त्याने मागितल्यावर ती परत करावी लागते. म्हणजे घर सोडले की कर्ज जागेपाशी राहते आणि ठेव माणसाची असते. व्यवहारात उलटे घडते. कर्जाची आठवण सगळ्यांना असते, ठेवीची कुणालाच नसते. 2021च्या संहितेपासून अनामत साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी झाली आहे. पगारावर जगणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

भाड्याच्या खोल्यांत आणखी एक पेच असतो. मालकाच्या एकाच मीटरवर पाच खोल्या आणि आत पाच सबमीटर. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो : 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा. समजा प्रत्येक खोलीने महिन्याला 90 युनिट वापरले. स्वतंत्र मीटर असते, तर सगळे 450 युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात मोजले गेले असते. एकाच मीटरवर फक्त 100 युनिट त्या टप्प्यात जातात. 200 दुसऱ्यात आणि 150 तिसऱ्यात. स्थिर आकार एकदाच लागतो हे खरे, पण कमी वापर करणाऱ्यांना जास्त वापराचा दर पडतो. मालकाच्या मनात खोट नसली तरी हे होतेच.

भाडेकरूला स्वतःचा मीटर मागता येतो का? कलम 43मधला ‘भोगवटादार’ हा शब्द इथे कामी येतो. मे 2022मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वीज ही मूलभूत सोय आहे आणि केवळ मालकाने ना-हरकत पत्र दिले नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढेच पाहायचे. अर्थात, निकाल हाती असला तरी मालकाशी वाकडे घेऊन त्याच खोलीत राहायचे कसे, हा प्रश्न कोर्ट सोडवत नाही.

प्रीपेड मीटरने हा गुंता सुटेल, असे सांगितले गेले. आधी पैसे, मग वीज. त्यामुळे नवी बाकी उरत नाही. कलम 47(5)नुसार प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून अनामतही मागता येत नाही. फिरत्या कामगाराला हे सोयीचे वाटावे. पण ब्रिटनचा अनुभव सावध करतो. तिथे प्रीपेड मीटर जुने आहेत. आधीच्या रहिवाशाचे कर्ज मीटरवरच नोंदलेले असते आणि नव्याने भरलेल्या पैशांतून ते कापले जाऊ शकते. वास्तविक नवा रहिवासी त्या कर्जाला जबाबदार नसतो. म्हणून तिथे सल्ला असा देतात की जुन्या चावीने किंवा कार्डाने पैसे भरू नका, आधी पुरवठादाराला कळवा. शिवाय शिल्लक संपली की घर अंधारात. थकबाकीदारांच्या घरी सक्तीने असे मीटर बसवण्यावरून तिथे गदारोळ झाला आणि फेब्रुवारी 2023मध्ये ते काम थांबवावे लागले. आपल्याकडे विरोध वाढल्यावर जून 2024मध्ये राज्य सरकारने सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर बसवले जाणारे स्मार्ट मीटर ‘आधी वापर, मग बिल’ याच पद्धतीचे आहेत. म्हणजे जागेवरचा बोजा आणि माणसाची अनामत हे जुनेच गणित आजही लागू आहे.

तेव्हा खोली किंवा घर घेताना पागडी, डिपॉझिट, घरपट्टी यांच्या जोडीला चार गोष्टी पाहाव्यात. जुन्या बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घेऊन बाकी तपासावी. ताबा घेतानाच मीटरचा क्रमांक आणि रीडिंग एकाच फोटोत येईल असा फोटो काढून दोघांनी ठेवावा. घर विकत घेतले असेल तर नावबदलाचा अर्ज लगेच करावा. सोडणाऱ्याने अनामत परत मागावी किंवा तिची रक्कम व्यवहारात धरावी. आणि दाद लागली नाही, तर महावितरणच्या कार्यालयातून ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे व तिथून मुंबईच्या विद्युत लोकपालाकडे जाता येते. या दोन पायऱ्यांना वकील लागत नाही. अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी लागते.