राखणदार मुका झाला, तर आधी वही जपा

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कसारख्या वस्तीत तयार कपड्यांचा घाऊक व्यापारी असो की घरोघरी इंटरनेट पोहोचविणारा केबलवाला, त्याची बिले, माल व गिऱ्हाइके आज कुठल्या तरी सर्व्हरवर नोंदलेली असतात. तो सर्व्हर चालू आहे का, त्यावर भार किती, हे रात्रंदिवस पाहणारे सॉफ्टवेअरही असते. ‘कॅक्टाय’ व ‘झॅबिक्स’ ही त्यातील फुकट मिळणारी, पुष्कळ वापरात असलेली नावे. हा आपल्या सर्व्हरचा राखणदार होय.

कॅक्टाय ‘पीएचपी’ या संगणकीय भाषेत लिहिलेले आहे आणि आपली नोंदवही ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसमध्ये ठेवते. समजा, तंत्रज्ञाने पीएचपीची नवी आवृत्ती बसविली आणि सकाळी पडद्यावर डेटाबेसशी संपर्क होत नसल्याची सूचना झळकली. मालक घाबरतो. तंत्रज्ञ म्हणतो, “सगळे पुसून नव्याने बसवू.” बंधूंनो, येथेच त्याचा हात धरा.

जुन्या पेढ्यांच्या चोपड्या मोडीत असत. मोडी न येणारा नवा मुनीम आला, म्हणून कोणी खतावणी जाळीत नसे. येथेही बहुधा तेच घडलेले असते. वही शाबूत आहे, वाचणारा बदलला आहे.

म्हणून पहिले काम नक्कल काढण्याचे. ‘मायएसक्यूएल डम्प’ने डेटाबेसची प्रत घ्यावी. पण तेवढ्याने भागत नाही. कॅक्टायच्या आलेखांचे आकडे डेटाबेसमध्ये नसून ‘आरआरडी’ नावाच्या वेगळ्या फायलींत असतात. त्यांचीही प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. त्यानंतर कारण शोधावे.

१) डेटाबेस चालू आहे का? तो बंद असेल, तर भाषेला दोष देण्यात अर्थ नाही.

२) जोडणारा भाग बसविला आहे का? नव्या पीएचपीसोबत मायएसक्यूएलचा जोड पुष्कळदा वेगळा बसवावा लागतो. तो राहून गेला, तर संपर्क होणारच नाही.

३) सॉफ्टवेअर फार जुने आहे का? मायएसक्यूएलशी बोलण्याच्या जुन्या आज्ञा २०१३ साली पीएचपी ५.५ मध्ये कालबाह्य ठरल्या आणि २०१५ च्या ७.० आवृत्तीत काढूनच टाकल्या. अशा वेळी राखणदाराचीही नवी आवृत्ती घ्यावी लागते.

४) पूर्वी दडलेली चूक आता उघडी पडली का? २०२१ च्या पीएचपी ८.१ पासून डेटाबेसची चूक मुकाट्याने पुढे ढकलली जात नाही. ती न हाताळल्यास काम तेथेच थांबते. चूक जुनीच, ओरड नवी.

५) पान दिसते, पण आलेख रिकामे? कॅक्टायचे पान वेब सर्व्हर दाखवितो, तर आकडे गोळा करणारा भाग ठराविक वेळाने, बहुधा दर ५ मिनिटांनी, स्वतंत्रपणे चालतो. दोघांची पीएचपी आवृत्ती व मांडणी वेगळी असू शकते. एकाची दुरुस्ती झाली, म्हणजे दुसऱ्याची झाली असे नाही.

नेमके कारण कोणते, हे चुकांच्या नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, लिहिलेले असते. तंत्रज्ञाला अंदाज विचारू नका, त्या ओळी वाचून दाखवायला सांगा.

सर्वांत मोठा धोका मात्र सूचना दिसण्यात नाही, न दिसण्यात आहे. आकडे गोळा होणे थांबले, तर राखणदार हाकही मारीत नाही आणि मालकाला वाटते सारे ठीक आहे. मग सर्व्हरची डिस्क भरून बिले अडतात, तेव्हा गिऱ्हाइकाच्या तोंडून बातमी कळते. भाषा बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी आलेख पुढे सरकला का, हे स्वतः पाहावे.

नवी आवृत्ती आधी दुसऱ्या यंत्रावर चालवून बघावी, आणि ईदच्या खरेदीच्या दिवसांत हे काम मुळीच काढू नये. तंत्रज्ञाला पैसे देण्यापूर्वी एकच विचारावे: “जुनी प्रत कोठे ठेवली, आणि ती उघडून पाहिली का?”