यादीत नसलेला संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं 'विंडोज १०'चा पाठिंबा थांबवला आणि धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका दिवसात जुने ठरले. कोरेगावच्या एका संगणक-शिक्षकांचा प्रश्न त्यातूनच आला आहे. त्यांच्याकडे सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला, १६ जीबी रॅमचा साधा डेस्कटॉप आहे. 'विंडोज ११'साठी तो अपात्र. मग याच यंत्रावर हायपरवायझर टाकावा, एकात चार-पाच आभासी संगणक चालवावेत आणि सर्व्हर म्हणजे काय ते मुलांना दाखवावं, असं त्यांनी ठरवलं. व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय हे हायपरवायझर पेन ड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉल करायला बसले, तर पडद्यावर निरोप आला: नेटवर्क अडॅप्टर सापडला नाही. केबल जोडलेली, पोर्टचा दिवा लुकलुकतोय. विंडोजमध्ये हेच कार्ड बिनतक्रार चालत होतं, मग आता काय बिघडलं, असं ते विचारतात.

बिघडलेलं काहीच नाही. सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. आपल्या पाळीला प्रत्येक भाऊबंद विहीर आपल्या एकट्याचीच असल्यासारखं रान भिजवतो. हायपरवायझर म्हणजे या पाळ्या लावणारा माणूस. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क या सगळ्यांच्या पाळ्या तो लावतो आणि प्रत्येक आभासी संगणकाला वाटतं, यंत्र आपलंच. पण विहिरीवरची मोटर सुरू करणं या माणसाला स्वतःला जमायला हवं. ईएसएक्सआयला ही मोटर सुरू करता येत नाही, एवढाच काय तो घोळ.

संगणकातल्या प्रत्येक कार्डावर दोन क्रमांक कोरलेले असतात, एक कंपनीचा आणि एक चिपचा. इंटेलनं कंपनीचा क्रमांक म्हणून ८०८६ हा आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा घेतला आहे. तैवानच्या रिअलटेकचा क्रमांक आहे १०ईसी. स्वस्त मदरबोर्डांवर हमखास दिसणाऱ्या, आणि बहुधा सरांच्या यंत्रातही असलेल्या, तिच्या चिपचा क्रमांक ८१६८. सुरू होताना हायपरवायझर हे क्रमांक वाचतो आणि आपल्याजवळच्या ड्रायव्हरांच्या यादीशी ताडून पाहतो. यादीत १०ईसी नसेल, तर त्याच्या लेखी ते कार्ड अस्तित्वातच नाही. विंडोजकडे आणि लिनक्सकडे अशा हजारो क्रमांकांची यादी असते. ईएसएक्सआय मुद्दाम सडसडीत ठेवलेलं आहे. सर्व्हर बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांची मोजकी कार्डं, तपासलेली आणि हमी दिलेली, तेवढीच त्याच्या यादीत.

रिअलटेकच्या चिपांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिच्या ८१३९ या चिपनं बाजार व्यापला होता. फ्रीबीएसडी या संचालन प्रणालीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी ड्रायव्हरच्या मजकुरातच या चिपवर सडकून टीका लिहून ठेवली आहे. चिप स्वस्त करण्यासाठी बरीचशी हमाली प्रोसेसरवर ढकलली होती आणि आलेलं माहितीचं प्रत्येक पाकीट उचलून दुसरीकडे ठेवायचं काम त्याच्या गळ्यात पडत होतं. टीका रास्त होती. तरीही त्यांनी ड्रायव्हर लिहिला, कारण लोकांकडे तेच कार्ड होतं. पुढे क्यूईएमयू या मुक्त प्रणालीनं आभासी संगणकांना द्यायला एक काल्पनिक नेटवर्क कार्ड उभं केलं, ते याच ८१३९ची हुबेहूब नक्कल करून. प्रत्येक प्रणालीकडे तिचा ड्रायव्हर होता, मग दुसरं कोणतं निवडणार? लिनक्समध्ये नंतरच्या रिअलटेक चिपांचा ड्रायव्हर फ्रान्स्वा रोम्यू यांनी आणि पुढे हायनर कालवाइट यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. आभासीकरणाच्या इतिहासात ही नावं कुणी घेत नाही. घ्यायला हवीत.

ईएसएक्सआयमध्येही रिअलटेक पूर्वी चालायचं. २०१३च्या ५.५ आवृत्तीत इन्स्टॉलेशनच्या संचातून ते ड्रायव्हर वगळले गेले. लोक जुने ड्रायव्हर नव्या संचात भरून काम भागवू लागले. २०२०च्या ७.० आवृत्तीनं तीही वाट बंद केली, कारण लिनक्सकडून उसने घेतलेले ड्रायव्हर ज्या थरावर चालत, तो थरच काढून टाकला. दरम्यान विल्यम लॅम यांच्यासारख्या व्हीएमवेअरमधल्याच उत्साही अभियंत्यांच्या पुढाकारानं यूएसबी नेटवर्क कार्डांसाठी ड्रायव्हर आले. २०२५मध्ये रिअलटेकसाठीही आला. वापरा, पण हमी नाही, असं त्यांचं स्वरूप.

हमी नसलेल्या गोष्टींकडे आपण नाक मुरडतो, पण आभासीकरणाच्या शास्त्राचा जन्मच तिथला आहे. १९६४च्या डिसेंबरात रॉबर्ट क्रीसी हा आयबीएमचा अभियंता अमेरिकेत आर्लिंग्टनहून केंब्रिजला बसनं चालला होता. त्या बसमध्येच त्यानं ठरवलं, की एका संगणकात अनेक संगणक भासवणारी प्रणाली बांधायची. प्रणालीची आखणी करताना लेस कोमो हा सहकारी त्याच्याबरोबर होता. त्यांनी बांधलेली सीपी-४० ही प्रणाली १९६७च्या सुरुवातीला नियमित कामाला लागली आणि एकावेळी १४ आभासी संगणक चालवू लागली. आयबीएमच्या बाजारात मिळणाऱ्या मॉडेल ४० या संगणकावर ती चालणं शक्यच नव्हतं. मेमरीचे पत्ते बदलून देणारा वेगळा भाग बसवून त्यांनी ते यंत्र खास फेरफार करून घेतलं होतं. तिची पुढची आवृत्ती, सीपी-६७, आयबीएमनं १९६८मध्ये ग्राहकांना दिली, तीही कोणत्याही हमीशिवाय. कंपनीचा अधिकृत, मोठ्या चमूचा टीएसएस/३६० हा प्रकल्प त्या वेळी रखडत होता. अधिकृत मान्यता मिळायला १९७२ उजाडलं; तेव्हा व्हीएम/३७० आलं. आज क्लाउडचा एवढा गाजावाजा चालतो, त्यात क्रीसीचं नाव क्वचितच ऐकू येतं, याची मला खंत वाटते.

खुद्द व्हीएमवेअरची सुरुवातही अशीच आहे. १९९८मध्ये डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनी काढली, तेव्हा घरगुती पीसीचा प्रोसेसर आभासीकरणाला नालायक समजला जाई. त्याच्या काही आज्ञा अशा होत्या, की पाहुण्या प्रणालीनं त्या वापरल्या तरी हायपरवायझरला पत्ताच लागत नसे. या मंडळींनी त्या आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती काढली. प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय इंटेलनं २००५ अखेर दिली.

कंपनीच्या आधाराविना यंत्रं चालवण्याचा अनुभव आपल्याकडेही जुना आहे. १९७८मध्ये आयबीएमनं भारतातला कारभार गुंडाळला, तेव्हा इथल्या तिच्या यंत्रांना वाली उरला नव्हता. ती चालती ठेवण्याचं काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीनं अंगावर घेतलं आणि निभावलं.

आता कोरेगावच्या सरांसाठी. ईएसएक्सआयच शिकवायचं असेल, तर इंटेल चिपचं, यादीत नाव असलेलं एखादं जुनं नेटवर्क कार्ड पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधा. मात्र ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली, २०२४च्या सुरुवातीला फुकट आवृत्ती बंद केली आणि एप्रिल २०२५मध्ये ती परत आणली. अशा लहरीवर शाळेचा अभ्यासक्रम उभा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा प्रॉक्समॉक्स टाका. व्हिएन्नाच्या कंपनीची ही प्रणाली डेबियन लिनक्सवर उभी आहे. त्यातला केव्हीएम हा हायपरवायझर २००७पासून लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे. म्हणून लिनक्सला जे कार्ड ओळखू येतं, ते यालाही येतं. आधी बायोसमध्ये जाऊन व्हीटी-एक्स, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरमधली आभासीकरणाची सोय, चालू आहे का बघा. अनेक यंत्रांत ते बंद असतं.

दोन गोष्टी मात्र जपा. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय नसते. आणि स्वस्त एसएसडीमध्ये वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरता विजेचा साठा नसतो. अचानक लाइट गेली, तर आभासी संगणकाची आख्खी फाइल खराब होऊ शकते. यूपीएस लावा, आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. मुलांना शिकवायला हे यंत्र उत्तम. गावातल्या पतसंस्थेचे हिशेब त्यावर ठेवा असं कुणी सुचवलं, तर ठाम नकार द्या.

आणि एक विनंती. कोणतं कार्ड कोणत्या ड्रायव्हरनं चाललं, कोणत्या आवृत्तीत अडलं, हे क्रमांकासकट वहीत नोंदवा आणि तालुक्यातल्या बाकीच्या शाळांना द्या. त्यांच्याकडेही असेच संगणक पडून आहेत.