सनरूफची काच आणि मी बुजवलेली चार भोकं

मित्रांनो, उद्या व्हायवात सरांनी विचारलं, "सनरूफमधून पावसाचं पाणी गाडीत का येत नाही?" तर काय सांगाल? तिसऱ्या वर्षाला असताना मी छातीठोकपणे सांगितलं असतं, "सर, काचेभोवती रबराचं सील असतं म्हणून." सरांनी मला तिथेच नापास केलं असतं तर फार बरं झालं असतं. पण माझं दुर्दैव असं, की हे चुकीचं उत्तर मी पेपरात न लिहिता मामाजींच्या गाडीवर लिहिलं. त्याचे मार्क कसे मिळाले, ते सांगतो.

माझं आजोळ हिवरखेड. अकोला जिल्हा, तेल्हारा तालुका, उत्तरेला सातपुड्याची रांग. आजीला दर महिन्याला हृदयाच्या तपासणीसाठी अकोल्याला न्यावं लागतं. एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत, म्हणून मामाजींनी कापसाच्या पैशातून एक जुनी गाडी घेतली. सनरूफ काही त्यांनी मागितलं नव्हतं, ते गाडीसोबत आलं. आजीने वर बघितलं आणि म्हणाली, "पहिले धाब्याले उजेडासाठी भोक ठेवत, तसंच हे!"

मे महिन्यात वादळ आलं आणि अंगणातल्या निंबाची एक सुकी फांदी बरोबर त्या काचेवर पडली. सकाळी बघतो तर सगळ्या सीटवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे काचेचे तुकडे. गाडीचा इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे क्लेमचा प्रश्नच नाही. मी सुट्टीत गावी आलेलो. मामाजी म्हणाले, "आमचा भाचा मेकॅनिकलले हाय, कायले गॅरेज पाह्यजे?" झालं! इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

काच अशी का फुटते?

आधी थोडी थिअरी. बहुतेक सनरूफची काच टफन्ड असते. ही काच ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी गोठतो, आतला भाग नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब आणि आत कायमचा ताण राहतो. पृष्ठभाग दाबात असल्यामुळे ही काच साध्या काचेच्या सुमारे चारपट मजबूत होते. पण एकदा तडा आतल्या ताणाच्या थरापर्यंत पोचला, की साठलेली ऊर्जा एकदम सुटते आणि सगळ्या काचेचा चुरा होतो. तुकडे बोथट असतात, म्हणून माणूस वाचतो. फ्रान्सच्या दे ला बास्ती याने १८७४ साली काच कडक करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हाही मूळ तत्त्व हेच होतं.

समोरची विंडस्क्रीन मात्र लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर. ती फुटली तरी जाळं पडून जागेवर राहते. काही गाड्यांत सनरूफलाही अशी काच येते.

यावरून कामाच्या तीन गोष्टी निघतात. एक, टफन्ड काच कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे "मोठी आणून घासून बसवू" हा जुगाड विसरा. दोन, तडा गेलेली टफन्ड काच चिकटवून चालत नाही. तीन, तिची कड सगळ्यात नाजूक असते. भंगार बाजारातून जुनी काच घेणार असाल तर कडेवरून बोट नाही, नजर फिरवा. कडेला टवका उडालेला असेल तर ती काच घेऊ नका.

मी काय केलं?

मी अकोल्याच्या भंगार बाजारातून त्याच मॉडेलची काच आणली, स्क्रू काढले, लावले, दोन तासांत काम फत्ते! मामींनी शिरा केला. जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि आतल्या दिव्याजवळून थेंब टपकायला लागले. मी काच उघडून बघितलं. काचेखाली चौफेर एक पत्र्याची नाली होती आणि तिच्या चार कोपऱ्यांत चार भोकं! मला वाटलं, सापडला चोर. गाडीच्या टपाला भोक म्हणजे गळतीच. सिलिकॉनची ट्यूब आणली, चारही भोकं गच्च बुजवली आणि विजयी मुद्रेने होस्टेलवर परत आलो.

जुलैत एका रात्री धो धो पाऊस सुरू असताना आजीच्या छातीत दुखायला लागलं. मामाजींनी किल्ली फिरवली. गाडी सुरूच झाली नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागत-विझत होते आणि पायाखालचं कार्पेट चपचप वाजत होतं. शेवटी शेजाऱ्यांना उठवलं आणि त्यांच्या जीपमधून आजीला नेलं. पाऊण तास गेला. आजी वाचली, आज ठणठणीत आहे. पण तो पाऊण तास माझ्या खात्यावर आहे.

नंतर गाडी टोचन लावून अकोल्याला नेली, तेव्हा मीही गेलो. एका वयस्क मिस्त्रींनी छताचं अस्तर खाली केलं, माझं सिलिकॉन बघितलं आणि विचारलं, "हे भोकं कोनं बुजवले बाप्पा? आता पानी जाईन कुठून?"

सनरूफ पाणी अडवत नाही!

या एका प्रश्नात सगळं इंजिनिअरिंग होतं. काचेभोवतीचं रबर बहुतेक पाणी बाहेर ठेवतं, सगळं नाही. सरकणाऱ्या काचेला पूर्ण घट्ट सील देता येत नाही, दिलं तर मोटरला काच सरकवणं जड जाईल. म्हणून डिझाइन करणारे गृहीतच धरतात, की थोडं पाणी आत येणार. ते काचेखालच्या नालीत जमतं आणि चार कोपऱ्यांतल्या भोकांना जोडलेल्या नळ्यांतून खाली जातं. पुढच्या दोन नळ्या विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. दरवाज्याच्या बिजागरीजवळ, चाकाच्या कमानीत किंवा मागच्या बंपरजवळ त्यांची तोंडं असतात.

मी ही भोकं बुजवली. मग नाली भरली, पाणी अस्तरावर सांडलं, खांबातून खाली उतरलं आणि डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये गेलं. जूनमधली मूळ गळतीही याच कारणाची होती. काचेचा चुरा आणि निंबाच्या काड्या यांनी नळ्या अर्ध्या तुंबल्या होत्या. रोगी पोटाने बेजार, आणि मी त्याचं तोंड शिवलं!

एक छोटं गणित करू. समजा सनरूफ ०.८ मीटर बाय ०.५ मीटर, म्हणजे ०.४ चौरस मीटर. तासाला ६० मिलिमीटर असा जोरदार पाऊस धरला तर त्यावर तासाला २४ लिटर पाणी पडतं, मिनिटाला ०.४ लिटर. ते सगळंच्या सगळं आत आलं असं धरलं, तरी प्रत्येक नळीच्या वाट्याला मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ग्लास. आता ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची, दीड मीटर लांब नळी आणि एक मीटर उंची घ्या. नळी भरून वाहिली तर घर्षण धरूनही मिनिटाला पाच लिटरच्या आसपास पाणी जातं. गरजेच्या पन्नासपट! म्हणजे स्वच्छ नळी असलेलं सनरूफ पावसाने सहसा हरत नाही. ते हरतं पाल्यापाचोळ्याने.

काच बदलायची योग्य रीत

मिस्त्रींच्या हाताखाली चार दिवस राहून जे शिकलो, ते क्रमाने देतो.

१) काच फुटल्यावर सनरूफचं बटण दाबू नका. चुरा रुळात जाऊन केबल आणि मोटर खराब होते. हातमोजे आणि चष्मा घालून, व्हॅक्यूम क्लीनरने रूळ आणि नाली आधी साफ करा.

२) नवी काच येईपर्यंत जाड प्लॅस्टिक टपावर पसरून कडा टेपने चिकटवा. नालीत काही कोंबू नका. गाडी हळू चालवा.

३) काच चेसिस नंबर सांगूनच मागवा. एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांत फरक असू शकतो. रबर कडक झालं असेल तर तेही नवीन घ्या.

४) बऱ्याच गाड्यांत काच दोन्ही बाजूंना दोन-तीन तारेच्या आकाराच्या डोक्याच्या स्क्रूंनी, म्हणजे टॉर्क्सने, बसवलेली असते. मोठ्या पॅनोरमिक छतांत काही काचा चिकटवलेल्या असतात. त्या घरी काढायच्या भानगडीत पडू नका.

५) स्क्रू आधी हलके लावा. काच बंद करून उंची जुळवा. सर्वसाधारणपणे पुढची कड टपाच्या बरोबरीत किंवा अगदी किंचित खाली, मागची कड किंचित वर. पुढची कड वर राहिली तर हवा शिट्टी वाजवते. नंतर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच कसा, जोर लावून नाही.

६) चारही बाजूंना कागदाची पट्टी रबरात धरून ओढून बघा. सगळीकडे सारखीच अडली पाहिजे. एखाद्या ठिकाणी सहज निघाली, तर तिथे दाब कमी आहे.

७) मोटरला काचेची दोन्ही टोकं पुन्हा शिकवावी लागतात. प्रत्येक गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. हे केलं नाही, तर बोट सापडल्यावर काच मागे नेणारी सुरक्षा नीट चालेल याची खात्री नाही.

८) आता परीक्षा. काच उघडून प्रत्येक कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि खाली मित्राला बसवा. चारही ठिकाणांहून पाणी आलं पाहिजे. मग काच बंद करून दहा मिनिटं साध्या नळाचं पाणी सोडा आणि अस्तर, खांब, कार्पेट हाताने चाचपा. ही आठवी पायरी मी त्या मे महिन्यात केली असती, तर हा लेखच लिहावा लागला नसता.

गळती होऊ नये म्हणून

वर्षातून दोनदा नळ्या साफ करा. एकदा मृगाच्या आधी, एकदा दिवाळीनंतर. गाडी निंबाखाली उभी राहत असेल तर पानगळ झाल्यावरही. त्यासाठी गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी उत्तम. तिचं टोक मेणबत्तीवर गोल करून घ्या आणि हळूहळू सरकवा. लोखंडी तार घालू नका, नळीला भोक पडतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, आतला जोड निसटला तर पाणी सरळ अस्तरामागे जाईल. खालच्या तोंडाला रबराची टोपी असते, तिथला चिखल बोटाने काढा.

रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही. हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि खनिज तेलाने ते फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. (ग्रीस, बरं का! मी वापरलेलं ते सिलिकॉन नाही.)

गाडीत कुबट वास, सकाळी आतून धुकटलेल्या काचा, दिव्याजवळ पिवळा डाग, ही लक्षणं. पुढचं कार्पेट ओलं असेल तर पुढच्या नळ्या बघा, डिकीत पाणी असेल तर मागच्या. कार्पेट वरून कोरडं दिसलं तरी खालचा फोम महिनाभर पाणी धरून ठेवतो, तो उचलून उन्हात वाळवा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि सीटखालच्या पिवळ्या प्लगना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

आणि इन्शुरन्स. पूर्ण पॉलिसी असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात. छोट्या क्लेममुळे नो-क्लेम बोनस जातो, म्हणून आधी बेरीज-वजाबाकी करा.

शेवटचं

दुरुस्तीचं बिल किती आलं ते मामाजींनी मला अजून सांगितलेलं नाही. रागावलेही नाहीत. त्याचाच जास्त त्रास होतो. आजीला मात्र मी सगळं खरं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "धाब्याचं पन्हाळ बुजवलं तं भित बसनारच! तुले कॉलेजात हे नाई शिकवलं?"

खरं सांगायचं तर शिकवलं होतं. फ्लुइड मेकॅनिक्सला मला ६८ मार्क होते. पण भोक दिसलं की आधी "हे इथे कशासाठी आहे?" असं विचारायचं असतं, ते मार्कांत येत नाही. ज्याने डिझाइन केलं तो मूर्ख नव्हता, एवढं धरून चाललं तरी आपल्या निम्म्या चुका वाचतील.

ता. क. : आपल्या होस्टेलच्या गच्चीवर कोपऱ्यात पाणी जायचा पाइप आहे. मागच्या आठवड्यात बघितलं, तर त्यात वेफर्सच्या पिशव्या आणि कुणाचं तरी असाइनमेंट होतं. वरच्या मजल्यावरच्या मित्रांनो, पाऊस यायच्या आत रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर भेटू. झाडू मी आणतो. सिलिकॉन कुणीही आणू नका!